उजव्या दाराचे रबर

दिगंबर गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. फोन नितीनचा, म्हणजे दिगंबरच्या पुतण्याचा होता. "वकीलसाहेब, काका गेले. गाडीचं काम करता करता गेले," तो म्हणाला. दिगंबर गेला हे मला मान्य करावेच लागले. ‘काम करता करता’ हे शब्द मात्र मी त्या क्षणीही मान्य केले नव्हते आणि आजही करत नाही. इतक्या आठवड्यांनंतर लेखणी उचलतो आहे, ती केवळ शोक करण्यासाठी नाही. माझ्या मित्राच्या नावावर जे जे खपवले जात आहे, त्याचा हिशेब चुकता केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका स्नेह्याने त्याच्यावर लिहिताना ‘श्रीमंतीचा छंद’ असा शब्द वापरला आणि ती लाल, ठेंगणी, दोन आसनांची विलायती स्पोर्ट्स कार त्याला सासऱ्यांकडून मिळाल्याचे ठोकून दिले. हे साफ खोटे आहे. दिगंबर मूळचा शेंदूरजनाघाटचा. संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका चालवून तो मोठा झाला. अकोल्यातल्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सरकीच्या पोत्यांखाली ती गाडी त्याला दिसली, आणि संत्र्याच्या मृग बहाराच्या एका चांगल्या वर्षी त्याने ती स्वतःच्या कमाईतून घेतली. व्यवहाराच्या वेळी मी शेजारी उभा होतो. सासरे त्या वेळी हयात होते खरे, पण गाडी पाहून त्यांनी "यात बसाचं का झोपाचं?" एवढाच प्रश्न विचारला होता.

इंजिन त्याने लवकरच सुरू केले. खरा छळ मांडला तो रबराने. दारांच्या कडेला आणि काचेभोवती बसणारी रबराची पट्टी, जिला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, अकोल्याच्या उन्हात लाकडासारखी कडक झाली होती. पावसाळा आला की पाणी आत शिरे आणि बैठकीखालचा पत्रा गंजे. दोन वर्षांपूर्वी त्याने भर मे महिन्यात दोन्ही दारांना नवे रबर लावले... आणि अस्सल वऱ्हाडी चूक केली. आम्हाला बैलगाडीचा दोर असो की खाटेची सुतळी, सैल काही बघवत नाही. त्याने रबर ताणून ताणून बसवले. हिवाळ्यात ते आखडले आणि चारही कोपऱ्यांत फटी पडल्या. "दोर समजून बसवलं म्या," असे म्हणत तो स्वतःच खो खो हसला आणि सगळे उपटून पुन्हा कामाला लागला.

आमची शेवटची भेट त्याच कामात झाली. होळी नुकतीच होऊन गेली होती. समोरच्या काचेचे रबर बसवायला दोन माणसे लागतात, म्हणून त्याने मला बोलावून घेतले. रबराच्या खाचेत पायजम्याची लांब नाडी घालून मी आत बसलो होतो. तो बाहेरून साबणाचे पाणी लावून काच दाबत होता, आणि मी नाडी ओढेन तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत होती.

"काहून इतकी घाई करून राहिला रे? कोर्टात तं तारखांवर तारखा घेत होता!"

"काच दाब तू. बोलू नको."

"दाबूनच राहिलो ना. पाय तर आवर, बुवा. हॉर्न वाजून राहिला!"

दुपारी त्याने डाव्या दाराचे रबर बसवले, या वेळी न ताणता, उलट किंचित आत रेटत. दोन टोके दाराच्या तळाशी आली तेव्हा त्याने खिशातून कलमाचा चाकू काढला, टोके तिरपी कापली, चिकटवली आणि खुंटात फांदीचा डोळा भरल्यावर कलमाला बांधतात तशी प्लॅस्टिकची पट्टी त्या सांध्यावर गुंडाळली. पट्टी त्याच्याजवळ एकच होती. ती तो दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा आणि स्टीअरिंगला अडकवून ठेवायचा. दिवेलागणीनंतर सांध्याला हात लावायचा नाही, हा नियम त्याने रोपवाटिकेत कधी मोडला नाही आणि गाडीपाशीही मोडला नाही. दार मात्र पुरते लागेना, बोटभर उघडे राहिले. मी जोर लावायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. नवं रबर हाय. महिनाभर रुसन, मंग एका बोटानं लागन." उजवे दार तेवढे राहिले होते. ते तो एकटा करणार होता.

तेरवीला मी अकोल्याला गेलो. नितीनने चार लोकांसमोर बोलताना काकांचे स्वप्न अपुरे राहिल्याचे सांगितले. सकाळी काकू चहा घेऊन शेडमध्ये गेल्या तेव्हा काका गाडीशेजारी खुर्चीत गेलेले होते, उजवे दार तसेच अर्धवट उघडे होते, या वयात ओढाताण सोसली नाही, असे त्याचे निवेदन. मी उभा राहून "हे चूक आहे" असे म्हणालो. लोकांनी माझा हात धरून मला खाली बसवले. दुःखात वाद नको, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र दिगंबरच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा चेहरा दिसत होता. पंगती उठल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आदल्या राती जेवताना म्याच म्हटलं त्यायले. थे भूत एकदाचं पुरं करा, नाहीतर भंगारात देऊन टाका. म्हनूनच सकाळी उठल्या उठल्या गेले थे. माह्याच बोलण्यानं गेले."

मी त्यांना तसाच शेडमध्ये घेऊन गेलो. नितीन मागोमाग आला. उजव्या दाराचे रबर वरपासून खालपर्यंत बसलेले होते. मी गुडघे टेकून तळाशी बोट फिरवले. सांधा तिरपा, घट्ट आणि उघडा होता. त्यावर पट्टी नव्हती. ती स्टीअरिंगला अडकवलेली होती.

"वहिनी, सांधा त्या सकाळी झाला असता तर पट्टी इथे बांधलेली असती," मी म्हणालो. "ती सोडली याचा अर्थ सांधा आदल्या दिवशीचा. आणि दिवे लागल्यावर तो काम करत नसे. तुम्ही जेवताना बोललात तेव्हा काम झालेले होते. सकाळी त्याने फक्त गाठ सोडली आणि खुर्चीत बसला."

"पण दार तर लागलंच नाही," नितीन म्हणाला.

"डावेही लागत नव्हते. नवे रबर आहे. ढकल."

त्याने कंबर लावून ढकलले आणि दार बसले. वहिनींनी त्या पट्टीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्या बोलले ना भाऊजी, तं थे हसले होते. काही बोललेच नाही, नुसतेच हसले. मले असा राग आला होता त्यायचा..."

त्या शेडबाहेर गेल्या, नळाला पाइप लावून आल्या आणि स्वतःच्या हाताने उजव्या दारावर पाणी सोडले. छतावरून, काचेवरून, कोपऱ्याकोपऱ्यातून पाणी वाहिले, नितीनचे बूट भिजले, माझे धोतर भिजले. थेंब पडलाच तर डाग दिसावा म्हणून दिगंबर बैठकीवर वर्तमानपत्र पसरून ठेवत असे. दार उघडून वहिनींनी ते उचलले, दोन्ही बाजूंनी चाचपले आणि माझ्या हातात दिले. कागद कोरडा होता. तेरवीच्या घरात त्या मोठ्याने हसल्या. आलेल्यांपैकी काहींना ते आवडले नाही. न आवडो.

परवा कामानिमित्त पुन्हा अकोल्याला गेलो होतो. वहिनींनी चहा शेडमध्येच आणला. त्या आताशा दुपारचा चहा तिथेच घेतात, त्याच खुर्चीत. पट्टी स्टीअरिंगवर आहे, तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही. निघताना मी उजवे दार उघडले आणि एका बोटाने ढकलले... दार लागले.