डुकराच्या पेशी आणि माझा नातू

उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी तो खिशात घातला. कंपवात झालाय हे जुळे सोलापुरातल्या आमच्या साऱ्या कॉलनीला कळलं, तरी माझा हात आपला खिशातच. लेक बाळंतपणाला आली, नातू झाला, सगळ्यांनी त्याला आळीपाळीनं घेतलं. मी मात्र लांबूनच "वा वा" करायचो. हातातून पडला तर, ही भीती.

मग मोबाइलवर वाचलं. डुकराच्या गर्भातल्या मेंदूच्या पेशी काही कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत बसवून पाहिल्या होत्या म्हणे. झालं! लगेच बायकोला सांगितलं.

"अगं बाई! नाल्याकडंच्या त्या डुकरांचं?" ती भाकरी थापायची थांबली. "आन् उद्या तुमी चिखलात लोळायला लागला म्हंजी?"

"तुला विज्ञान कळत नाही," मी म्हणालो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्याचा माज, दुसरं काय!

बायकोला घेऊन डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, शरीर परक्या पेशी ओळखतं आणि मारून टाकतं. मेंदूत जरा सावकाश, पण मारतंच. पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, हे तुम्हीच शिकवलंय की आम्हाला."

बायकोनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. फळ्यावर मी त्या शिपायांच्या हातात काठ्यासुद्धा काढायचो. माझ्या डोक्यात डुक्कर शिरेल त्या दिवशी मात्र ते सगळे रजेवर असतील, असं मी धरून चाललो होतो. गाढव लेकाचा!

"मग त्या शिपायांना गप्प बसवायचं औषध?" मी हट्ट सोडीना.

"असतं की. पण मग साध्या सर्दीचीही भीती. घरात बाळ आहे ना? ते शिंकलं की तुम्ही लांब."

ज्याला घेण्यासाठी हात हवा होता, त्याच्यापासूनच लांब. मला तिथंच रडू आलं.

घरी आल्यावर बायकोनं मला भिंतीला टेकवून बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि काही न विचारता नातवाला वर ठेवून माझा हात त्याच्या पाठीखाली सारला. "मी हाय की हितं," ती म्हणाली.

हात थरथरला. पोरगं क्षणभर टकमक बघत राहिलं आणि मग त्यानं असं भोकाड पसरलं की शेजारीण डोकावली. सख्खं रक्त, तरी आजोबा काही पचेनात!

"बाबा, भूक लागलीय त्याला. द्या इकडं," लेक म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो, आणि दिला नाही.