अकरा वाजताची विचारपूस

टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायची आणि मगच कीबोर्डला हात लावायचा, ही आमच्या ऑफिसातल्या वयस्कर काकांची सवय. "बिना दस्तक के पूछना अच्छा नहीं, बेटा," म्हणायचे.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्या लहानशा ऑफिसात आम्ही दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळायचो. एखादी बंद पडली की आमची फोनाफोनी सुरू व्हायची. काका मात्र स्क्रीनवर काळी खिडकी उघडायचे, 'डिग' टाइप करून पुढे साइटचं नाव लिहायचे. सर्व्हरवरची त्या नावाची नोंद, तिच्या नंबरासकट, ओळीओळीने समोर यायची. "अंदाज मत लगाओ भिया, सर्व्हरलाच विचारा ना. तो खोटं नाही बोलत." कीबोर्डात सेव इतकी सांडलेली असायची, की उलटा केला असता तर एकाचा नाश्ता झाला असता.

नोंद बदलली की तिचा नंबर एकाने वाढवायचा, तोही हाताने, हा काकांचा नियम. एकदा मी विसरले, बाहेर सगळीकडे जुनीच नोंद राहिली आणि जुनी इंदूर भागातल्या एका मिठाईवाल्याची गिऱ्हाइकं दोन दिवस बंद पानावर जाऊन परतली. काका रागावले नाहीत. "नंबर नाही वाढवला, तर कोणी हात लावलाय हे दुनियेला कसं कळणार?" एवढंच म्हणाले.

रोज अकराला ते घरी बायकोला फोन करायचे. "घरीच आहे, और कहाँ जाऊँगी?" हे तिचं ठरलेलं उत्तर आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं. त्यावरून आम्ही त्यांना पुष्कळ चिडवलं.

बायको गेली त्या महिन्यात काकांनी तिच्या नावाचं डोमेन घेतलं. वेबसाइट काही केली नाही. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर एक नोंद, तिच्यात एकच ओळ: 'घरीच आहे.' नंबर एक. मग रोज अकराला टकटक, डिग, तिचं नाव. उत्तर वाचून झालं की चहा. त्या नोंदीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर काका म्हणाले, "मी नसलो तर तू विचारशील ना? कोणी विचारलंच नाही तर ती वाट बघत बसेल." मी हो म्हटलं.

काका गेल्यावर मी रोज विचारत राहिले. पुढे मालकांनी ते मशीन काढायचं ठरवलं. सगळ्या दुकानदारांच्या नोंदी मी दुसरीकडे हलवल्या. ही एक राहिली. खरं सांगायचं तर मी ती राहू दिली. रोज येणाऱ्या त्या ओळीची मला भीती वाटू लागली होती. वायर मीच काढली. मशीन भंगारात गेलं.

मशीन बंद झालं तरी जुनं उत्तर एखादा दिवस इकडेतिकडे दुसऱ्या मशीनांवर साठलेलं असतं, हे ठाऊक होतं. म्हणून आठवडाभर थांबले. मन खात होतं. शेवटी एका सकाळी अकरा वाजता, माफी मागावी तसं, तिचं नाव टाइप केलं. आता उत्तर येणार नाही याची खात्री होती.

उत्तर आलं. 'घरीच आहे.' नंबर दोन.

त्या दिवशी मी टकटक करायला विसरले होते. आता नाही विसरत. रोज दोनदा टकटक करते, आणि विचारण्याआधी थोडी थांबते.