बाबांचा बदलीवाला

आधीच सांगते, भूतबीत मी मानत नाही. रस्त्यातला उतारा ओलांडून सरळ पुढे जाणारी बाई आहे मी. तरी करी रोडच्या चाळीत जे घडलं ते इथे लिहितेय, कारण इतक्या वर्षांत मला त्याचं लॉजिक सापडलेलं नाही.

संप होऊन दोन वर्षं झाली होती. बाबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, विणकर. गिरणी बंद, त्यात लकवा... उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आई आधीच वारलेली. मी कॉटन ग्रीनच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला, सात ते साडेतीनची पाळी. तोपर्यंत बाबा एकटे, ओल्यात पडून. भाऊ ठाण्याला. तो म्हणाला, "आमचीच जागा केवढीशी गं!" शेजारच्या शेवंताबाईंना विनवलं, दुपारी एकदा फक्त कुशीवर वळवा. त्या म्हणाल्या, "वास येतो, आधी दार नीट लावून जात जा." गणपतीच्या वर्गणीला मात्र हेच लोक दारात हजर. असो.

आपणहून एकच माणूस आला. काळाचौकीचे गणूकाका, बाबांचे बदलीवाले. म्हणजे बाबा रजेवर असले की त्यांच्या साच्यावर हे उभे राहायचे. संपात चार दिवस आत जाऊन काम केलं म्हणून बाबांनी त्यांचं नाव टाकलं होतं. बाबांना ते भाऊ म्हणायचे. दारात उभं राहून म्हणाले, "मी बसतंय गो भाऊंवांगडा. तू कामाक जा."

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. आतून ओरडले, "इथं तुमचं काही काम नाही!" संपफोड्याच्या हातचं पाणी बाबांना पाजायचं? शक्यच नव्हतं.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, कामावरून आले तर बाबा स्वच्छ! दाढी केलेली, चादर बदललेली, कुशीवर वळवलेले. वाटलं, शेवंताबाईंना पाझर फुटला. आभार मानायला गेले तर खेकसल्या, "मी कशाला जाऊ? मला दुसरे धंदे नाहीत?" मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. आणि रोज खाटेच्या पायाला एक चिंधी बांधलेली. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला.

गुरुवारी ताप आला म्हणून बाराला परतले. कुलूप काढलं, दार ढकललं — आतून कडी! दार बडवलं, तसा आतून पुरुषाचा आवाज आला, अगदी थंड. "हंय तुजा काय काम नाय. पाळी संपांदे."

चाळ जमली. शेवंताबाई सगळ्यांच्या पुढे. "बाप्या ठेवलाय का गं घरात?" माझा बाप कुजत होता तेव्हा एक जण फिरकला नाही, आता जिन्यापर्यंत गर्दी! साडेतीन तास मी दाराबाहेर बसून राहिले. साडेतीनला कडी आपोआप पडली. आत फक्त बाबा, धुतलेले, पुसलेले. दुसरं दार नाही, खिडकीला गज.

आवाज मी ओळखला होता. आता चिंधीही ओळखली. गणूकाका साचा सोडताना तो पुसून अशीच चिंधी बांधून जायचे, बाबा पूर्वी कौतुकानं सांगायचे. बाहेर कसे पडले ते कळेना, पण चोरून किल्ली बनवली असेल म्हणून मी अंगात ताप असताना तरातरा काळाचौकीला गेले, चांगलं फैलावर घ्यायला.

त्यांच्या बायकोचं कपाळ मोकळं होतं.

"तुमच्याकडसून इलो, निजलो, तो उठाकच नाय," ती आतल्या मुलीकडे बघत म्हणाली. "चार दिवस गेलो आत. चेडवाच्या औषधासाठी गेलो. आणि तुमी दार लावलात?"

तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. बरोबरच केलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. सकाळी निघताना मी उंबऱ्यावर उभी राहून म्हटलं, "काका, चुकलं माझं. या तुम्ही."

साडेतीनला सुटून मी घरी आले. आतून कडी नव्हती. बाबा सकाळच्याच कुशीवर, ओलेचिंब. चिंधी नव्हती.

त्यानंतर कधीच काही झालं नाही. मी माफी मागितली म्हणून समाधानानं ते गेले, की माझी माफी त्यांना नकोच होती... मला आजही सांगता येत नाही. मी नोकरी सोडली, घरी शिलाई घेतली. बाबा पुढे वर्षभर होते. मी उशाशी बसलेली असायचे, तरी रोज सकाळी सातला त्यांची नजर दाराकडे जायची आणि साडेतीनपर्यंत तिथेच राहायची.