कुकरमधला अखंड दिवा

न्यूझीलंडात राहते म्हटलं की पुण्या-साताऱ्याच्या माणसांच्या डोळ्यांसमोर हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या येतात. मेंढ्या आहेत. हिरव्या टेकड्या बघायच्या असतील तर मात्र दुसऱ्या कुणाकडे उतरावं लागेल. आम्ही राहतो ते सेंट्रल ओटागो देशातलं सगळ्यात कोरडं ठिकाण. पश्चिमेच्या उंच डोंगरांवर पाऊस सगळा सांडून जातो आणि आमच्या वाट्याला नुसता वारा येतो. इथल्या डोंगरांचा रंग खारकेसारखा आहे. त्यांच्यावर खडक, थाइमची खुरटी झुडपं आणि ससे, एवढंच.

इथे प्रत्येक ऋतूचा आपला एक त्रास असतो आणि माणसं त्याबद्दल भाजीच्या भावाबद्दल बोलावं तितक्याच सहज बोलतात. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गाड्या घसरतात. वसंतात जर्दाळूच्या कळ्या गोठू नयेत म्हणून बागांमधले प्रचंड पंखे पहाटेपासून घरघरतात. मग वायव्येचा वारा सुटतो, हिवाळ्यात मेलेलं गवत कडकडीत वाळतं, आणि रस्त्याकडेच्या अर्धगोल पाटीवरचा वणव्याच्या धोक्याचा बाण हिरव्याकडून लालकडे सरकायला लागतो. येता-जाता त्या बाणाकडे बघायची सवय मलाही लागली. घड्याळ बघावं तशी नजर जाते.

मी इथल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. नवरा शिकायला म्हणून आला, ऑकलंडला ईस्ट टामाकीच्या एका गोदामात राबला, आणि शेवटी इथे फळबागांच्या पाण्याच्या पाइपांचं काम करू लागला. शिवाय तो गावच्या फायर ब्रिगेडमध्ये आहे. छोट्या गावांत हे काम हौशी माणसंच करतात: एक बेकरीवाला, एक मास्तर, दोन प्लंबर आणि आमचे हे. भोंगा वाजला की ताटावरून उठून पळायचं. लोकांना याचं फार कौतुक. ताट झाकून ठेवणारीला कुणी विचारत नाही.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि नवरात्र इथेच आलं. त्यांच्या घरचे घट कधी चुकले नव्हते, तेव्हा ते आमच्या दिवाणखान्यात बसणार हे ठरलेलंच होतं. मला विचारण्यात आलं नाही. मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडी आहे हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे. त्यावर आमचं भांडण होत नाही, फक्त टोमणे होतात.

पहिली अडचण मातीची आली. अंगणातली माती चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "ही कसली माती? ही तर वाळू." ज्या बागेत नवरा काम करायचा तिची मालकीणबाई सत्तरीची, दरीच्या वरच्या टोकाला एकटी राहणारी. तिने ते ऐकलं आणि जर्दाळूच्या झाडांखालची काळी माती बादलीभर घेऊन स्वतः दारात आली. सासूबाईंनी तिला शंकरपाळ्यांचा डबा दिला. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला कामापुरतंच इंग्रजी. तरी दोघी दारात बराच वेळ बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या, देव जाणे.

दुसरी अडचण दिव्याची. घट उठेपर्यंत तो अखंड तेवायला हवा आणि तोवर घराला कुलूप लागता कामा नये, कुणीतरी घरात असायलाच हवं. गावभर स्मोक अलार्म तपासत फिरणाऱ्या नवऱ्याने आईसाठी परातीत पाणी ओतलं, मधे पाट ठेवला, त्यावर काचेच्या चिमणीचा पितळी दिवा ठेवला आणि पडदे काढून टाकले. "तुझ्या आईसाठी सगळे नियम माफ," मी म्हणाले. तो नुसता हसला. सासूबाई वात सारखी करत म्हणाल्या, "हा दिवा त्याच्यासाठीच आहे. तो आगीत जातो. घरी कुणीतरी दिवा सांभाळायला नको?"

 

पाचव्या माळेला दुपारी भोंगा वाजला. वारा सकाळपासून पत्रे हलवत होता. नवरा गेला आणि थोड्याच वेळात दरीच्या वरच्या अंगाला मातकट धुराचा पट्टा दिसायला लागला. आधी उभा होता, मग वाऱ्याने आडवा झाला. आम्ही तिघी खिडकीत उभ्या होतो. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "इज डॅड अप देअर?" मी हो म्हणाले. तेवढ्यात सरकारी इशाऱ्याने माझा फोन कर्कश किंचाळला. आमच्या रस्त्यासकट सगळ्यांनी ताबडतोब घरं सोडून गावाबाहेरच्या रग्बी क्लबच्या हॉलवर जायचं होतं.

मी पासपोर्ट, औषधं, मुलीचं जाकीट घेतलं. सासूबाई घटासमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"आई, उठा."

"तुम्ही दोघी जा. घट बसलेत, मी घर सोडणार नाही."

"घरच राहिलं नाही तर घट कुठे बसतील?"

"तो तिकडे आहे. दिवा टाकून मी यायची नाही."

माझं डोकं फिरलं. दुकानातल्या स्पिरिटच्या बाटल्यांवर 'आगीपासून दूर ठेवा' असं लिहिलेलं वाचत मी दिवस काढते, आणि इथे वणवा दारात असताना ही बाई दिव्यासाठी अडून बसली होती. दारावर थाप पडली. केशरी जाकिटातला पोरगेला पोलीस माओरीत नमस्कार करून म्हणाला, "किया ओरा, टाइम टु गो, लेडीज." आत येऊन बघितलं आणि तो माझ्याकडे प्रश्नार्थक बघत राहिला. 

शेवटी तोडगा मुलीने काढला. ती ओट्याखालून मोठा कुकर घेऊन आली आणि आजीसमोर ठेवून म्हणाली, "आजी, पुट इट इन हिअर." इंग्रजीत बोलली तरी आजीला बरोबर कळलं. कुकरच्या तळाला ओला नॅपकिन घातला, त्यात दिवा बसवला. झाकण अर्थातच नव्हतं. सासूबाई घटाला हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि कुकर पोटाशी धरून गाडीत बसल्या.

वणव्यापासून पळताना मांडीवर पेटता दिवा घेऊन निघालेलं त्या दिवशीचं आमचं एकच कुटुंब असणार. काचा बंद, कारण वारा. एसी बंद, कारण त्यानेही ज्योत हलते. आत धुराचा आणि तेलाचा वास, घामाच्या धारा, आणि मी वाटभर सासूबाईंना बोलत होते.  एका हाताने चिमणी धरून त्या फक्त ज्योतीकडे बघत होत्या.

क्लबच्या दारातल्या स्वयंसेवकाने कुकरमध्ये डोकावलं. मग म्हणाला, "स्वीट ॲज. पण आत नको हं, आउटसाइड ओन्ली." 'स्वीट ॲज' म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल'. 'पण आत नको हं' हे तो अर्थात इंग्रजीत म्हणाला, पण सूर अगदी तसाच होता. आत ऑक्सिजनचं नळकांडं लावलेले म्हातारे होते. सासूबाई हॉलच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कुकर घेऊन बसल्या. मुलगी आत इतर पोरांत गेली. मी बाहेर उभी राहून फोन बघत होते. नवऱ्याचा काही निरोप नव्हता, असणारही नव्हता.

मग मातीवाल्या बाई आल्या. बरोबर कुत्रा होता, हातात चहाचा कागदी कप. सासूबाईंना बघून त्या त्यांच्याच शेजारी येऊन बसल्या. कुकरमधल्या दिव्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी खुर्ची थोडी फिरवून घेतली, पाठ दिव्याकडे आली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, "राइट" म्हणाल्या, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. मला म्हणाल्या, "हाउस इज गॉन, लव."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

"त्यांचं घर जळलं."

 सासूबाईंनी चिमणी काढली, बाजूला ठेवली, आणि दोन बोटांनी वात मागे तेलात ओढू लागल्या.

"आई, नको!"

इतक्या मोठ्याने ओरडले की हॉलच्या खिडकीतून माणसं बघायला लागली. तोवर ज्योत गेली होती. तेलावर एक बारीक धुराची रेघ उठली आणि संपली. मला भीती वाटली, चक्क भीती.  मी, जिने दिव्यासाठी या बाईला गाडीत नको नको ते ऐकवलं, तीच मी त्या क्षणी समजून चालले होते की वरती डोंगरात काहीतरी वाईट झालं. सासूबाईंनी पदराला बोटं पुसली आणि मातीवाल्या बाईंचा हात आपल्या हातात घेतला. त्या दोघी तशाच बसून राहिल्या. मला बसवेना.

नवरा आला तेव्हा उजेड अजून होता. तोंड काळं, भुवया पांढऱ्या राखेने भरलेल्या. आधी तो मुलीकडे गेला, मग मागे आमच्याकडे आला. त्याची नजर कुकरवर गेली आणि तिथून माझ्यावर.

"तू विझवलास?"

त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सगळे नियम ज्याने आईसाठी हसत हसत माफ केले होते, त्यालाही तो दिवा हवा होता. मला ते तेव्हा कळलं.

"मी विझवला," सासूबाई म्हणाल्या. "या बाईचं घर जळालं. तिच्या शेजारी मी आग पदराशी घेऊन कशी बसू?"

तो खाली जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "त्यांच्याच घरावर होतो आई आम्ही. नाही जमलं." मातीवाल्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी वाकून त्याच्या खांद्यावर थोपटलं. तो रडला. मीही.

आमचा रस्ता वाचला. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा ओट्यावर, गादीवर, सगळीकडे राखेचा बारीक थर होता. मातीवाल्या बाई आमच्याबरोबर आल्या होत्या, पुढे दोन आठवडे राहिल्या. त्यांच्या मातीत पेरलेलं धान घटाभोवती बोटभर वर आलं होतं. त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

मी परातीत पाणी ओतलं, पाट ठेवला, चिमणी घासून पुसून आणली. सासूबाईंनी नवी वात वळली, तेल घातलं. लावायची वेळ आली तेव्हा मात्र काडेपेटी त्यांनी माझ्यासमोर धरली.

"मी?" मी म्हणाले. "माझा तर विश्वासही नाही."

"काल नको म्हणून कोण ओरडलं?" त्या म्हणाल्या. "लाव आता."

मी मातीवाल्या बाईंकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मग मी काडी ओढली.