दोनदा उकळलेलं पाणी

“आता आणखी किती उकळू? किटलीच्या बुडाला क्षारांचा थर बसला!” नोरबुता बायकोवर ओरडला.

“उकळून जंतू मरतात. कपाशीवरचं औषध मरत नाही,” आनोर म्हणाली. “पाणी आटतं, औषध तेवढंच राहतं. सुनेसाठी म्हणून दोनदा उकळता आणि तिलाच जास्त पाजता.”

“आमच्या सात पिढ्या उकळलेल्या चहावर जगल्या.”

“त्यांच्या डोक्यावर विमानातून औषध पडत होतं का हो?”

मी शेजारीण, त्यांची परात परत द्यायला गेले होते, ती दारातच थांबले.

आनोर जिल्ह्याच्या पाणी तपासणी केंद्रात कितीतरी वर्षं आहे. क्षार बघते, जंतू बघते. कपाशीची पानं झडावीत म्हणून फवारतात ते औषध पाण्यात उतरून बायकांच्या हार्मोनांत ढवळाढवळ करत असेल, असं तिने एका प्रशिक्षणात ऐकलं आणि ती साहेबांच्या मागे लागली. साहेबांचं उत्तर ठरलेलं: “आपा, नियमात त्याचं नाव नाही. मग तपासायचं कशाला?” राजधानीतून मंडळी आली, त्यांनाही तिने विचारलं. त्यांनी पुलाव खाल्ला, माना डोलावल्या आणि ती निघून गेली.

सून सबोहत मान खाली घालून बसली होती. दोनदा तिचा गर्भ पडला होता. आता तिसरी खेप.

“पाण्यानेच झालं कशावरून, आई?” तिचा नवरा एल्योरने विचारलं.

“मला काय ठाऊक! तपासू देतील तर कळेल ना! नियम नाही म्हणून तपासणी नाही. आणि नियम का नाही? तर तपासणीत कधी काही सापडलं नाही!”

नोरबुताने रीतीप्रमाणे चहा तीनदा पियाल्यात ओतून पुन्हा किटलीत घातला, मग भरलेला पियाला पुढे केला. “घे, सूनबाई.” सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? सबोहतने हात पुढे केला. आनोरने मधेच पियाला घेऊन अंगणात रिकामा केला.

“मग तिने प्यायचं काय? वारा?”

“तिच्या माहेरी, बॉयसुनला झरा आहे. त्याच्या वर कपाशी नाही.”

“एल्योरची आई, डोकं ठिकाणावर आहे ना? पोटुशी सून माहेरी गेली की लोक म्हणतात, सासरच्यांनी हाकलली.”

“नियम व्हायचा तेव्हा होईल, तिचं पोट थांबणार नाही,” आनोर म्हणाली. “सबोहत उद्या सकाळी बॉयसुनला जाईल. मीही तिच्यासोबत जाते, रजा टाकून. सासूच बरोबर असली की हाकलली कोण म्हणेल? तुम्ही बापलेक रांधून खा.”