निपाणी लाल, वडगाव हिरवं

आमच्या वडगावात राजाबाईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही. घरात साड्या विणणारे दोन यंत्रमाग, आणि त्यांच्या खडखडाटावर चढणारा बाईंचा आवाज. बाजारात त्या भाव विचारत नाहीत, सांगतात. मी शेजारी राहतो, म्हणून सोसतो.

त्यांच्या अंजनीला सातवा महिना लागला, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरीच होणार हे त्यांनी जाहीर करून टाकलं. रीतच आहे ती. पण अंजनीचं सासर निपाणीचं, आणि सासू जयाबाईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. तुमच्याकडं माग दिवसभर खडखडणार, बाळ झोपणार कसं, पोरगी इथंच राहू दे, असं तिनं फोनवर अगदी गोडीत सांगितलं. राजाबाई नुसत्या धुमसत राहिल्या. गल्लीत काय तोंड दाखवायचं हे तर होतंच. पण पोरीला पहिल्यांदा कळा येणार आणि आपण जवळ नाही, हे त्यांना सोसवेना.

एप्रिलचे दिवस होते. मी सहज त्यांना फोनवरचा नकाशा दाखवला. त्यावर तापमानाचा लेयर लावला की गरम गाव लाल दिसतं आणि थंड गाव हिरवं. झालं! माकडाच्या हाती कोलीत दिलं मी.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घरांच्या ग्रुपवर रोज दुपारी नकाशाचे दोन फोटो पडू लागले. एकात लालभडक निपाणी, दुसऱ्यात हिरवंगार वडगाव, आणि खाली लिहिलेलं, 'बाळंतिणीला उकडवू नका.' जयाबाईनं दवाखान्यांचा लेयर लावून उत्तर दिलं. तिच्या घराला खेटूनच एक होता. राजाबाईंनी वडगावातला डॉक्टर, औषधाचं दुकान, आळीव-डिंक मिळणारं दुकान, सगळ्यांवर खुणा करून पाठवल्या. मग जयाबाईनं रहदारीचा लेयर काढला. त्यात आमचाच रस्ता लाल! असल्या लालीनं घाम फुटत नाही, असं राजाबाईंनी ठणकावलं. अंजनी बिचारी दोघींनाही हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी व्हायची.

मला मात्र कोडं पडलं. मी अंगणात घामाघूम, आणि नकाशात वडगाव एवढं गार कसं? शेवटी विचारलंच. राजाबाई वडगावचा फोटो पहाटे काढून ठेवायच्या आणि निपाणीचा भर दुपारी.

"त्यात खोटं काय हाय?" त्या म्हणाल्या. "वडगावच हाय की ते."

डोहाळजेवणाला आम्ही निपाणीला गेलो. ओटी भरून झाली, आणि चारचौघींत जयाबाईनं फोन पुढं धरला. वडगावच्या फोटोच्या कोपऱ्यात फोनच्या घड्याळातली वेळही आली होती, पहाटेची. बाजाराला भाव सांगणाऱ्या राजाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. त्यांचे मालक रवळूअण्णा पंख्याकडं बघत बसले. मला अण्णांची फार दया आली.

"पयल्याच दिवशी दिसलंतं मला," जयाबाई म्हणाली. "अंजनीची पिशवी तवाच भरून ठेवलीया. लेकीसाठी पहाटे उठून लबाडी करणाऱ्या आईला न्हाय कसं म्हणू?"

"मग एवढं दिवस भांडलासा कशाला?" राजाबाईंनी विचारलं.

जयाबाईचा मुलगा दिवसभर तंबाखूच्या वखारीत असतो. घरात या दोघी सासू-सुनाच. ती म्हणाली, "व्हय म्हटलं असतं, तर दुपारचं माझ्यासंगं कोण भांडलं असतं? आणि आता अंजनी बी निघाली."

राजाबाईंनी अंजनीची पिशवी उचलली, मग विहिणीकडं पाहिलं.

"तुमची पिशवी कुठं हाय? चला, चार दिवस ऱ्हावा. गार हाय आमच्यात."

भर दुपारी आम्ही वडगावात उतरलो. दोघी विहिणी ओट्यावर बसून पदरानं वारा घेत होत्या, आणि उकडतंय असं एकीनंही म्हटलं नाही.