त्या दिवशी गन का चालल्या नाहीत

दुसरी कॅसेट संपली तेव्हा माझ्याकडे आबांचं दीड तासाचं बोलणं होतं आणि तात्यांचं एक वाक्यही नव्हतं.

तेव्हा मी पुण्यात एका निवृत्त विंग कमांडरांकडे काम करत होते. आपल्या फायटर स्क्वाड्रनचा युद्धकाळातला इतिहास ते इंग्रजीत लिहीत होते. जुन्या लोकांच्या मुलाखती टेप करायच्या आणि टाइप करायच्या, हे माझं काम. सातव्या प्रकरणात सरांनी लिहिलं होतं: एकाहत्तरच्या युद्धात शत्रूचं विमान समोर असताना माझ्या गन चालल्या नाहीत, कारण आर्मररचा निष्काळजीपणा.

आर्मरर म्हणजे विमानाच्या गन भरणारा, तपासणारा माणूस. त्या दिवशी ते काम अंथुर्णे गावच्या तात्यांकडे होतं. सोमवारी पानं प्रेसला जाणार होती. त्यांना न विचारता हे छापणं मला पटेना, म्हणून मी बारामतीला एसटी बदलून तिसऱ्यांदा त्यांच्या घरी आले होते.

अडचण एकच. आबा थोरले, तात्या धाकटे, आणि त्या घरात थोरल्या भावासमोर धाकटा बोलत नसे. मी तात्यांना विचारायचं आणि आबांनी उत्तर द्यायचं. आबांनी विमान कधी जवळून पाहिलंही नव्हतं.

"लिवा म्याडम, चार इमानं पाडली आमच्या धाकल्यानं."

"आबा, ते विमान चालवत नव्हते."

"तुमी हुता का तितं?"

तात्या खाली बघून सुपारी कातरत होते. आबांना बाहेर जा म्हणायचं धाडस मला नव्हतं आणि मराठीत विचारायचे माझे सगळे मार्ग संपले होते. वैतागून मी फाइल उघडली आणि ते वाक्य इंग्रजीत होतं तसंच वाचलं.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ताठ बसले.

"नो मॅडम. एअरक्राफ्ट लँडेड, आय चेक्ड फर्स्ट. बेल्ट फुल. गन ओके. सेफ्टी कॅच ऑन."

बेल्ट म्हणजे गोळ्यांचा पट्टा, सेफ्टी कॅच म्हणजे गन चालू न देणारा खटका. तो हवेत पायलटनं काढायचा असतो; ऑन म्हणजे तो काढलाच नव्हता. तेव्हा का बोलला नाहीत, असं मी इंग्रजीतच विचारलं.

"साहेब व्हेरी टायर्ड. थर्ड फ्लाइट दॅट डे."

"काय म्हनतोय त्यो?" आबांनी मला विचारलं.

"कायी न्हाय आबा, मशीनचं हाय," तात्या म्हणाले.

सोमवारी सरांनी मी टाइप केलेलं तात्यांचं बोलणं दोनदा वाचलं. "हे एकटा तोच म्हणतोय."

"सर, पुस्तकातलंही एकटे तुम्हीच म्हणताय." आपण हे बोललो, यावर माझाच विश्वास बसेना.

त्यांनी पेन उघडलं. मग 'आर्मररचा निष्काळजीपणा' खोडून वर लिहिलं, 'कारण अज्ञात'. तसंच छापलं गेलं.

आता कुठल्याही इतिहासात 'कारण अज्ञात' दिसलं, की मी आधी लेखकाचा हुद्दा बघते.